बोलेरो पिकअपमधल्या सीबी सेटचा आवाज दीड किलोमीटरवरच का विरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा माल घेऊन वाशीला जाणाऱ्या तीन गाड्यांत सीबी सेट (गाडीतून गाडीत बोलायचे सिटिझन्स बँड वायरलेस) बसवले आहेत. त्यांपैकी बोलेरो पिकअपमधून बोललेले उरलेल्या दोघांना जेमतेम दीड किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, पण त्यांचे बोलणे पिकअपमध्ये चार किलोमीटरवरूनही स्वच्छ येते. अँटेना साधारण चार फुटांची असून केबिनमागच्या गार्डला पट्टी मारून बसवली आहे आणि जास्तीची केबल गुंडाळून सीटखाली ठेवली आहे. मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.३ दिसतो, म्हणून अँटेनात दोष नाही असे मेकॅनिकचे म्हणणे आहे आणि त्याने आता बूस्टर (सेटची शक्ती वाढवणारे उपकरण) बसवायला सांगितले आहे. बूस्टर घ्यावा का, असे तुम्ही विचारता.

घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून दोष अँटेनाची बैठक, तिचे अर्थिंग आणि केबल या तिघांत कुठेतरी आहे, आणि बहुधा एकाहून अधिक ठिकाणी आहे. ऐकू नीट येते आणि एसडब्ल्यूआर कमी दिसतो, या दोन गोष्टींवरून अँटेना चांगली आहे असा निष्कर्ष काढला गेला, पण त्या दोन्हींवरून तो निघत नाही. असे का, ते आधी सांगतो, कारण ते लक्षात न घेता तपासणीला बसले की माणूस पुन्हा मीटरच्या त्याच काट्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

पहिली गोष्ट ऐकण्याची. सीबीचा पट्टा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. या पट्ट्यात विजेच्या तारा, आजूबाजूच्या गाड्या, मोबाइलचे चार्जर आणि खुद्द आकाश यांच्याकडून येणारी खरखर सेटच्या अंतर्गत खरखरीपेक्षा बरीच मोठी असते. तुमची अँटेना आलेल्या लहरींपैकी नव्वद टक्के वाया घालवत असली, तरी ती समोरच्याचा आवाज जितका कमी करते तितकीच बाहेरची खरखरही कमी करते, त्यामुळे दोघांतले प्रमाण जवळजवळ तेच राहते आणि बोलणे कळते. बोलताना मात्र ही सवलत मिळत नाही. तुमची नव्वद टक्के शक्ती इथेच गेली, तर समोरच्या गाडीत तुमचा आवाज दहा टक्क्यांवर येतो आणि तिथली खरखर मात्र पूर्ण असते. म्हणून एकच निकामी अँटेना ऐकायला बरी आणि बोलायला कुचकामी असू शकते. तुमचे लक्षण नेमके हेच आहे.

दुसरी गोष्ट एसडब्ल्यूआरची. सेटकडून गेलेल्या शक्तीपैकी किती परत आली, एवढेच हा आकडा सांगतो. जी परत आली नाही ती हवेत गेली की कुठे तापून जिरली, हे त्याला माहीत नसते. आखूड अँटेनाचा खरा प्रसारण-रोध, म्हणजे शक्ती हवेत सोडणारा रोध, चांगल्या पत्र्यावर दहा-पंधरा ओहम इतकाच असू शकतो. उदाहरणादाखल तो १५ ओहम धरा. अर्थिंग खराब असले की त्यात समजा ३५ ओहमांचा निरुपयोगी रोध मिसळतो, बेरीज ५० होते, सेटला नेमके ५० ओहमच हवे असतात, आणि मीटर एकास एक दाखवून खूश करतो. प्रत्यक्षात शक्तीचा ३० टक्के भागच हवेत जातो. म्हणूनच अर्थिंग सुधारल्यावर एसडब्ल्यूआर कधीकधी वाढतो. तो वाढला म्हणून नवे अर्थिंग काढून टाकू नका. अँटेनाची लांबी पुन्हा जुळवली की तो खाली येतो.

पाणी शिरलेली केबलही मीटरला असेच फसवते. जाताना निम्मी शक्ती केबलने खाल्ली, अँटेनाकडून परत फिरलेल्यातली निम्मी येताना खाल्ली, तर मीटरपर्यंत परत येणारी शक्ती इतकी कमी उरते की आकडा देखणा दिसतो. उलट बाजूने पाहिले तर एसडब्ल्यूआर २ असला तरी परत येणारी शक्ती ११ टक्केच असते आणि त्याने अंतरात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. ३ ला ती २५ टक्के होते, आणि तिथे सेटच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची काळजी घ्यावी लागते. १.३ चा १.१ करण्यात लोक अख्खी दुपार घालवतात, ती निव्वळ वाया जाते.

आता बूस्टरचा हिशेब. दोन्ही अँटेना जमिनीलगत असताना सपाट भागात अंतर दुप्पट करायला शक्ती साधारण सोळापट लागते. तुमची तूट दीड किलोमीटर ते चार किलोमीटर अशी आहे, म्हणजे पावणेतीनपट अंतराची, आणि ती शक्तीत मोजली तर पन्नासपटीच्या आसपास जाते. ४ वॉटच्या सेटला ही तूट बूस्टरने भरायची तर २०० वॉट लागतील. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मान्यताप्राप्त उपकरणाला परवान्याविना मिळणारी मुभा ५ वॉटपर्यंतचीच आहे, त्यामुळे बूस्टर लावला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर जाता. शिवाय ती २०० वॉट त्याच सडक्या सांध्यातून जाणार. ओघात आणखी एक गोष्ट सांगतो. बाहेरून आणलेल्या सेटवर ४० चॅनल असतात, त्यांतला २७ वा चॅनल २७.२७५ मेगाहर्ट्झवर येतो आणि २८ वा २७.२८५ वर, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर. तेव्हा तिन्ही गाड्यांनी १ ते २७ यांतलाच चॅनल ठरवावा.

या हिशेबातून दुसरेही एक निष्पन्न होते. पन्नासपट तूट नुसत्या अर्थिंगने पडणे कठीण आहे. त्यात कमी व्होल्टेज, दबलेला माइक, केबल आणि समोरच्या गाड्यांतली खरखर यांपैकी काहीतरी मिळालेले असणार. म्हणून एक दोष सापडला की तिथेच थांबू नका.

सोप्या गोष्टी आधी उरकून घ्या. तिन्ही सेट एकाच पद्धतीवर, म्हणजे सगळे एएमवर किंवा सगळे एफएमवर आहेत ना, ते पाहा. वेगवेगळ्या देशांसाठी बनवलेल्या सेटमध्ये हे बटण नकळत बदलले जाते, आणि मग जवळून फाटका आवाज येतो, थोडे दूर गेले की काहीच कळत नाही. माइकची वायर जिथे माइकमध्ये शिरते तिथे ती वाकवून पाहा, कारण आतली तार नेमकी तिथेच तुटते. बटण दाबल्यावर ट्रान्समिटचा दिवा लागतो म्हणजे आवाजही जातो आहे असे नसते. लहर जाते, पण तिच्यावर आवाज चढलेला नसतो, आणि समोरच्याला खरखर एकदम शांत झाल्यासारखी वाटते. दोन्ही सोबत्यांना नेमके हेच विचारा: मी बटण दाबल्यावर खरखर थांबते का आणि माझा आवाज बारीक येतो का? उत्तर हो असेल, तर माइक किंवा माइक गेन (माइकचा आवाज कमी-जास्त करणारे बटण) हा तुमचा एक दोष ठरला. माइक तोंडापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर धरून नेहमीच्या आवाजात बोलावे; ओरडून आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो.

मग व्होल्टेज. सेट १३.८ व्होल्टला पूर्ण शक्ती देतो. इंजिन चालू ठेवून, बटण दाबलेले असताना, सेटच्या मागच्या दोन वायरींवरच मल्टिमीटर लावून मोजा. बॅटरीवर मोजून उपयोग नाही. तिथे ११ व्होल्ट आले तर शक्ती साधारण दोन-तृतीयांशावर येते. लायटरच्या सॉकेटमधून किंवा टेपच्या वायरीतून सप्लाय घेतला असेल तर असे होतेच. दोन्ही वायरी थेट बॅटरीवरून आणाव्यात आणि बॅटरीजवळच फ्यूज घालावा. याने दीडाचे चार किलोमीटर होणार नाहीत, पण ऑल्टरनेटरची शीळ बऱ्याचदा याच कामात जाते.

आता मूळ जागेकडे, म्हणजे गार्डवरच्या पट्टीकडे या. सीबीच्या लहरीची लांबी ११ मीटर आहे आणि तिचा पाव भाग पावणेतीन मीटर होतो. गाडीवरची अँटेना हा त्या जोडीतला एक अर्धा भाग असतो, दुसरा अर्धा गाडीचा पत्रा असतो. जितकी विद्युतधारा अँटेनात जाते तितकीच पत्र्यात जावी लागते. पट्टी रंगावर बसली असेल, किंवा गार्ड हौद्याला आणि हौदा रबरावरून चॅसिसला जोडलेला असेल, तर ही धारा पत्र्यात न जाता केबलच्या बाहेरच्या जाळीवरून उलटी केबिनमध्ये येते. हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. कोणाला तरी बटण दाबायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवून सीटखालची केबल हाताने धरा, उचला, सरकवा. काटा हलला तर केबल स्वतःच अँटेनाचे काम करते आहे. तुमची चार-पाच वेढ्यांची गुंडाळी तशीच ठेवून एकदा आणि सोडवून सैल पसरून एकदा, असे आकडे घ्या. निरोगी जोडणीत त्यांत फरक पडू नये. केबल अठरा फुटांचीच हवी, हा समज याच प्रकारातून आला आहे: अर्थिंग चुकलेले असले की केबलची लांबी बदलताच आकडा बदलतो आणि वाटते की लांबीच जादूची आहे.

पट्टी सोडवून गार्डवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा पातळ हात फिरवा. तुमची पिकअप द्राक्षबागेची आहे, तीत गंधकाच्या भुकटीची पोती आणि मोरचूद यांची ने-आण होत असणार. गंधकाने तांबे काळे पडते आणि मोरचूद ओलाव्यासोबत लोखंडाला गंज आणतो, म्हणून हे सांधे इतर गाड्यांपेक्षा तुमच्याकडे लवकर खराब होतील. पावसाळ्यानंतर आणि हंगामाआधी ते एकदा उघडून पाहावेत.

नंतर मल्टिमीटरने अँटेनाची बैठक आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमधला रोध मोजा. तो अर्ध्या ओहमाच्या आत हवा. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नका. मल्टिमीटर डीसी मोजतो. मीटरभर लांबीची बारीक वायर त्याला शून्य ओहम दिसते, पण तीच वायर २७ मेगाहर्ट्झला दीडशे-दोनशे ओहमांचा किंवा त्याहूनही जास्त अडथळा होते. म्हणून गार्डपासून केबिनच्या पत्र्याला जोडणी करायची ती रुंद, चपट्या, विणलेल्या तांब्याच्या पट्टीने आणि जमेल तितकी आखूड. केबिन ते चॅसिस आणि हौदा ते चॅसिस अशाही पट्ट्या टाकल्या तर उत्तम. बॅटरीच्या जुन्या अर्थिंगच्या पट्ट्या गॅरेजमध्ये पडलेल्या असतात, त्या स्वच्छ करून चालतात.

खरे तर मी तुमच्या जागी असतो तर अँटेना गार्डवर ठेवलीच नसती. तुमची अँटेना चार फुटांची आहे आणि आखूड अँटेनात बहुतेक काम खालच्या भागात, कॉइलच्या आसपास होते. तो भाग केबिनची मागची भिंत, गार्डचे पाइप आणि क्रेटच्या थप्पीवरून ताणलेली ताडपत्री यांच्या बेचक्यात सापडला आहे. अँटेनाचा निदान दोन-तृतीयांश भाग टपाच्या वर मोकळा हवा. गाडी रिकामी असताना एसडब्ल्यूआर १.३ आला असेल, तर माल भरून पुन्हा मोजून पाहा, आकडा बहुधा बदललेला दिसेल. कोपऱ्यावरच्या अँटेनाचा कल एका बाजूलाही जातो. गाडीचा पत्रा ज्या दिशेला जास्त पसरलेला असतो, तिकडे आवाज जास्त जातो. तुमचे सोबती कधी पुढे, कधी मागे असतात, तेव्हा कोणत्या बाजूचा माणूस आधी तुटतो हे आठवून पाहा.

चांगली जागा म्हणजे केबिनच्या टपाचा मध्य. लोखंडी टपावर चुंबकाची बैठक ठेवली तरी चालते. रंगाच्या पातळ थरातून उच्च वारंवारतेची धारा आरपार जाते, त्यासाठी रंग खरवडावा लागत नाही. पण चुंबकाखाली धूळ, जाड कापड किंवा रबराचा तुकडा ठेवू नये, त्याने हा जोड कमजोर होतो. टपाला भोक पाडून कायमची बैठक बसवली तर त्याहून चांगले. उंची वाढल्यावर पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपाच्या छताखाली आणि बागेतल्या झाडांखाली सांभाळावे लागेल, म्हणून खाली स्प्रिंग असलेली अँटेना घ्या. लांबीबाबत तडजोड करू नका. १०२ इंची सळई पिकअपला अवघड जाईल हे मला समजते, पण चारऐवजी पाच फुटांची अँटेना घेणे बूस्टरपेक्षा स्वस्तही आहे आणि जास्त उपयोगाचेही.

केबलची तपासणी शेवटी सांगतो आहे, पण तुमच्या बाबतीत मला तिचाच संशय सर्वांत जास्त आहे. दोन्ही टोके मोकळी करून मधली तार आणि जाळी यांमध्ये मल्टिमीटर लावा. तिथे काहीच जोड दिसता कामा नये. अँटेना जोडलेली ठेवून हीच तपासणी केली तर काही अँटेनांत कॉइल जाळीला जोडलेली असल्याने शॉर्ट दिसतो, त्याला दोष समजू नका. मग मधली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि जाळीही तशीच तपासा, आणि तपासताना कनेक्टर हलकेच हलवत राहा. पीएल-२५९ कनेक्टरमध्ये जाळीचा सोल्डर नीट न बसणे, ज्याला दुकानात ड्राय सोल्डर म्हणतात, हा नेहमीचा रोग आहे. वरून चांदीसारखा गोळा दिसतो, पण आत जाळी नुसती टेकलेली असते. कनेक्टरचे कवच फिरवून मागे सरकवा आणि जाळीच्या छिद्रांत सोल्डर खरोखर वितळून पसरला आहे का, ते पाहा.

अँटेनाकडच्या टोकाला केबलचे बाहेरचे आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोला. आतली जाळी लालसर किंवा कल्हईची असेल तर चांदीसारखी, पण चमकदार हवी. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी आत गेले आहे, आणि जाळीतून ते वातीसारखे फूटभर, कधी मीटरभर आत चढते. त्यामुळे टोक कापून नवा कनेक्टर बसवण्यापेक्षा केबलच बदला. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या पावसात धावलेल्या गाड्यांच्या केबल वरून नव्या दिसतात आणि सोलल्या की काळ्या निघतात.

केबल शक्ती खाते की नाही, याची पक्की परीक्षा अशी. केबल अँटेनाकडून सोडवा, टोक मोकळे ठेवा आणि सेटकडून एसडब्ल्यूआर बघा. चांगल्या पाच-सहा मीटर आरजी-५८ केबलमध्ये या वारंवारतेला अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी घट होते, त्यामुळे जवळजवळ सगळी शक्ती परत येऊन काटा टोकाला जायला हवा. तो ३ वरच थांबला, तर केबल जाताना निम्मी आणि येताना पुन्हा निम्मी शक्ती खाते आहे. २ च्या खाली राहिला, तर केबल ताबडतोब फेकून द्या. ही परीक्षा सेटने करायची तर बटण सेकंदभरच दाबावे, कारण परत येणारी शक्ती आउटपुटवर पडते. ओळखीत कोणाकडे नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचे छोटे यंत्र) असेल तर तो वापरावा, त्यात शक्तीच जात नसल्याने धोका उरत नाही.

सेट स्वतः निर्दोष आहे का, हे पाहायला ५० ओहमांचा डमी लोड (अँटेनाऐवजी सेटला लावायचा रोध) लागतो. एक किलोओहमचे, एक वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि २० वॉट होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असे रेझिस्टर किरकोळ किमतीत मिळतात. फक्त वायरवाउंड घेऊ नका, त्यांची गुंडाळी या वारंवारतेला कॉइलसारखी वागते. हा लोड आणि वॉटमीटर लावून एएमवर, न बोलता, ४ वॉटच्या आसपास आकडा आला तर सेटकडे पुन्हा पाहू नका. दोन वॉट आला तरी सेट उघडून आतले स्क्रू फिरवू नका. शक्ती वाढवण्याच्या नावाखाली फिरवलेल्या स्क्रूंनी आवाज फाटतो आणि शेजारच्या चॅनलवर सांडतो.

अँटेना टपावर आली, केबल बदलली, मग लांबी जुळवा. गाडी मोकळ्या जागेत, दारे बंद आणि माल भरलेला, अशा स्थितीत १ ल्या आणि २७ व्या चॅनलवर एसडब्ल्यूआर घ्या. १ वर जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, २७ वर जास्त असेल तर लांब आहे. सळई थोडी थोडी, दोन-तीन मिलिमीटरच कापा, आधी वर-खाली सरकवून अंदाज घ्या. दोन्हींवर ३ पेक्षा जास्त असेल तर कापू नका, तो लांबीचा प्रश्न नाही, अर्थिंग किंवा शॉर्ट आहे.

सुधारणा झाली की नाही, हे मीटरने नव्हे तर दुसऱ्या गाडीने ठरवायचे. ओझर ते पिंपळगाव हा महामार्गाचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. एक गाडी सर्व्हिस रोडला इंजिन बंद करून एका जागी उभी ठेवा, दुसरीने ठरलेल्या किलोमीटर दगडांवर थांबून बोलावे, आणि उभ्या गाडीतल्याने सेटवरच्या एस-मीटरचा, म्हणजे येणारी लहर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा लिहून घ्यावा. एकेक बदल केल्यावर त्याच दगडावरून पुन्हा बोला. एस-मीटरची एक पायरी साधारण ६ डेसिबलची, म्हणजे शक्तीत चौपटीची धरतात. स्वस्त सेटमध्ये ती नेमकी नसते, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरेशी आहे. एकदम तीन बदल करून निघालात तर पुढच्या वेळी बिघडल्यावर कुठे पाहायचे हे कळणार नाही.

हीच चाचणी उभ्या गाडीचे इंजिन चालू करून, मग तिचे मोबाइल चार्जर, कॅमेरा आणि नंतर लावलेले एलईडी दिवे एकेक चालू करून पुन्हा घ्या. तुमचा आवाज त्यांना न पोचण्याचा अर्धा भाग त्यांच्याच गाडीतल्या खरखरीचा असू शकतो. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, म्हणून लोकांना वाटते खरखर येणारच नाही, पण हल्ली ती इंजिनापेक्षा चार्जरमधून आणि एलईडीच्या सर्किटमधून जास्त येते. खरखर नको म्हणून स्क्वेल्च (कमजोर आवाज व खरखर बंद ठेवणारे बटण) पूर्ण चढवून ठेवायची चालकांना सवय असते. तसे केले की कमजोर आवाज आला तरी सेट तोंड उघडत नाही, आणि 'रेंज कमी' असा शेरा तुमच्या माथी येतो. स्क्वेल्च खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवायला आणि आरएफ गेन (सेटची ऐकण्याची संवेदनशीलता ठरवणारे बटण) पूर्ण उघडा ठेवायला दोघांना सांगा.

एवढे केल्यावर सपाट रस्त्यावर गाडी ते गाडी चार-पाच किलोमीटर मिळायला हरकत नाही. नाशिक शहरातून जाताना उड्डाणपूल, इमारती आणि विजेचा गोंगाट यांत ते अंतर निम्म्याने घटेल, आणि कसारा घाटात तर एका वळणाआड गेलेली गाडीही तुटेल, कारण बेसॉल्टच्या कड्याआड लहर फारशी वळत नाही. घाटासाठी इगतपुरीतच ठरवून टाकावे की पुढची गाडी वळण पार करून मोकळ्या जागी आली की बोलेल, मधल्या वेळी कोणी हाका मारत बसणार नाही. दिवसा कधी अचानक परक्या भाषेतले बोलणे जोरात येऊ लागले आणि जवळची गाडी ऐकू येईनाशी झाली, तर सेट बिघडला असे समजू नका. सूर्याची सक्रियता वाढली की या पट्ट्यातल्या लहरी वरच्या वातावरणातून परत फिरून हजारो किलोमीटरवर पडतात, आणि चालू सौरचक्राचा उच्चांक २०२४ च्या आसपासचा आहे. अशा वेळी चॅनल बदलून पाहावा.

तिसरी गाडी मोठा ट्रक असेल तर तिच्यात २४ व्होल्टची यंत्रणा असण्याची शक्यता धरा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढून सेट चालवण्याची पद्धत दिसते. त्याने एक बॅटरी सतत जास्त उतरते, दुसरी जास्त भरली जाते आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा, निदान पाच अँपिअरचा कन्व्हर्टर घ्यावा. तो चालू-बंद करून सेटवर खरखर वाढते का, हे दुकानातच ऐकून पाहावे, आणि बसवताना तो सेटपासून व अँटेनाच्या केबलपासून दूर, पत्र्याला घट्ट आवळून बसवावा. ट्रकची केबिन फायबरची असेल तर टपावर चुंबकही चिकटणार नाही आणि पत्राही मिळणार नाही. तिथे आरशाच्या लोखंडी ब्रॅकेटवर अँटेना बसवून त्या ब्रॅकेटपासून चॅसिसपर्यंत वर सांगितलेली रुंद पट्टी टाकावी.